चाकांवरील घराचे वीजखाते

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरात वापरली जाते. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा आदेश हाती पडणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना तर तिचा अर्थ वेगळा सांगावयास नको. परंतु हेच बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेऊन निघणारी माणसेही आहेत. मोटारीच्या मागे स्वतः बांधलेला छोटासा ट्रेलर जोडावा, त्यात अंथरूण, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवावी आणि जेथे मन रमेल तेथे मुक्काम करावा, हा छंद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. आपल्याकडे तो अलीकडे मूळ धरू लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. ते याच बदलाचे द्योतक म्हणावे लागेल.

असे घर बांधताना लोखंडी चौकट वेल्डर करून देतो, प्लायवूडचे काम सुतार करतो आणि रंग घरची मंडळी लावतात. खरी अडचण विजेपाशी येते. घराचे वायरिंग करणारा कारागीर २३० व्होल्टच्या विजेत निष्णात असतो; परंतु त्याच्या भिंती कधी हलत नाहीत. मोटारीचा इलेक्ट्रिशियन हादऱ्यांचा जाणकार असतो. परंतु पंखा, फ्रिज आणि रात्रभराचा संसार त्याच्या हिशेबात नसतो. चाकांवरील घर या दोघांच्या सीमारेषेवर उभे असते आणि म्हणूनच त्याच्या मालकाला विजेचे काही मूलभूत ज्ञान स्वतः मिळवावे लागते. ज्या चार भिंतींत आपली मुलेबाळे झोपणार, त्या भिंतींतील वायर कशी आहे हे ठाऊक नसणे परवडणारे नाही.

छत्तीस चौरस फुटांचा धडा

या विषयाचे एक बोलके उदाहरण चेन्नईने दिले आहे. मूळचे नामक्कल जिल्ह्यातील तरुण वास्तुरचनाकार अरुण प्रभू यांनी २०१९ मध्ये एका प्रवासी ऑटोरिक्षावर 'सोलो.०१' नावाचे फिरते घर उभारले. त्याचे क्षेत्रफळ अवघे सहा फूट बाय सहा फूट, म्हणजे छत्तीस चौरस फूट! त्यात झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय आणि न्हाणी यांची सोय केली होती. जुन्या, टाकाऊ साहित्याचा पुनर्वापर केल्याने एकूण खर्च सुमारे एक लाख रुपयांत बसला. छपरावर २५० लिटरची पाण्याची टाकी आणि विजेसाठी ६०० वॅटचे सोलर पॅनेल होते.

या रचनेमागे केवळ हौस नव्हती. अरुण प्रभू यांनी त्यापूर्वी चेन्नई आणि मुंबई येथील झोपडपट्ट्यांतील घरांचा अभ्यास केला होता आणि लहानशा जागेचा नीट विचार केला तर किती सोयी साधता येतात, हे त्यांना दाखवायचे होते. २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या घराचे जाहीर कौतुक केले आणि तशीच रचना पिकअप वाहनावर करता येईल का, अशी विचारणाही केली. पुढे २०२२ मध्ये महिंद्रा कंपनीने आयआयटी मद्रासच्या छत्राखाली वाढलेल्या एका कॅम्परव्हॅन कंपनीशी करार करून या क्षेत्रात पाऊल टाकले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या उदाहरणातील महत्त्वाचा आकडा म्हणजे छपरावरील ते ६०० वॅट. एवढ्या विजेत संसार कसा चालवावा, हा प्रश्न स्वतःचा ट्रेलर बांधणाऱ्या प्रत्येकासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर मात्र बँकेच्या पासबुकासारखे सरळ आहे. जमा किती, खर्च किती आणि किमान शिल्लक किती, एवढे कळले की पुरे.

जमेची बाजू

चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या मध्यानंतर तेथे सूर्य ऐन माथ्यावरून जातो. त्यामुळे छपरावर सपाट बसविलेले पॅनेलही तेथे चांगले काम देते. दिवसभराच्या कमीअधिक उन्हाची बेरीज केली, तर ती सरासरीने पाच तासांच्या प्रखर उन्हाएवढी धरता येते. म्हणजे ६०० वॅटचे पॅनेल कागदोपत्री दिवसाला ३,००० वॅट-तास वीज देईल. प्रत्यक्षात उष्णता, धूळ आणि वायरींतील गळती वजा जाता त्यातील सत्तर टक्के, म्हणजे सुमारे २,१०० वॅट-तास हाती येतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. सोलर पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नव्हे. तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. चेन्नईच्या दुपारी पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले, तर जवळपास चौदा टक्के उत्पन्न तेथेच बुडते. म्हणून पॅनेल छपराला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल एवढी, दोनेक इंचांची फट ठेवावी. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावलीही पॅनेलवर पडू देऊ नये. एका कोपऱ्यावरील सावली संपूर्ण पॅनेलची वीज रोखू शकते.

खर्चाची बाजू

आता एका कुटुंबाचा दिवसाचा खर्च मांडून पाहू. पाच वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास जळले, तर १०० वॅट-तास लागतात. तीस वॅटचा बीएलडीसी पंखा दहा तास चालला, तर ३००. दोन मोबाइल संच भरण्यास ३०, लॅपटॉप दोन तास वापरल्यास १२० आणि पाण्याच्या लहान पंपास २०. येथवरची बेरीज होते ५७०. त्यात बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज आणला, की उकाड्यात तो एकटाच सुमारे ५४० वॅट-तास घेतो आणि बेरीज १,११० वर जाते. म्हणजे फ्रिज एकटाच उरलेल्या सगळ्या घराएवढा खर्चिक आहे!

उन्हाळ्यात २,१०० ची जमा असताना हा खर्च सहज झेपतो. परंतु चेन्नईचे पाऊसमान आपल्यापेक्षा निराळे आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात बरसणारा पाऊस तेथे मुख्यतः ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातून निघालेला प्रवासी निरभ्र आकाशाची अपेक्षा धरून तेथे पोचतो आणि भरून आलेल्या ढगांखाली मुक्काम करतो. अशा दिवशी उत्पन्न एक-चतुर्थांशावर, म्हणजे सव्वापाचशे वॅट-तासांवर येऊ शकते. त्या दिवशी फ्रिज बंद ठेवला तर जमा-खर्चाची तोंडमिळवणी जवळजवळ होते. चालू ठेवला तर रोज सुमारे ५८५ वॅट-तासांची तूट येते.

ही तूट बॅटरी भरून काढते. मात्र तिलाही किमान शिल्लक राखावी लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. परंतु ती दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल तर निम्मीच वीज, म्हणजे ९०० वॅट-तास काढावेत. वरील तुटीच्या हिशेबाने ती दीड दिवस पुरेल. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ऐंशी टक्के वीज काढता येत असल्याने तिच्याकडूनही सुमारे हजार वॅट-तास मिळतात. पहिलीचे वजन पन्नास किलोंहून अधिक भरते, तर दुसरीचे बारा-तेरा किलो. पहिली स्वस्त पडते आणि कोठेही मिळते. परंतु ती चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून तिला झोपण्याच्या फळीखाली कोंडून न ठेवता बाहेरून हवा खेळणारी स्वतंत्र पेटी द्यावी.

सरळ विजेचा सरळ व्यवहार

पुष्कळ जण पहिल्या प्रथम मोठा इन्व्हर्टर खरेदी करतात आणि घरातील नेहमीचा पंखा, नेहमीचे दिवे ट्रेलरमध्ये लावतात. हा मार्ग सोपा वाटला तरी महाग पडतो. सोलर पॅनेल देते ती वीज एकदिश असते, बॅटरीत साठते तीही एकदिश आणि एलईडी दिवा व बीएलडीसी पंखा आतून चालतात तेही एकदिश विजेवरच. मध्येच तिचे रूपांतर २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत करून पुन्हा एकदिश करणे म्हणजे एकाच रकमेवर दोनदा वटणावळ देण्यासारखे आहे. शिवाय नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर सतत दहा वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत २४० वॅट-तास काहीही काम न करता खर्ची पडतात. आपला पंखा रात्रभर चालून जेवढी वीज घेतो, त्याच्या जवळपास ही रक्कम जाते.

हाच विचार चेन्नईत अधिक व्यापक पातळीवर झाला आहे. आयआयटी मद्रासमधील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांसाठी ४८ व्होल्टची एकदिश वीजव्यवस्था विकसित केली. इन्व्हर्टर टाळून सूर्याची वीज थेट दिवे-पंख्यांपर्यंत पोचविणारी ही व्यवस्था राजस्थानातील वीज न पोचलेल्या वाळवंटी वस्त्यांमध्ये बसविण्यात आली. जे तत्त्व वाळवंटातील झोपडीला प्रकाश देते, तेच ट्रेलरलाही लागू पडते. शक्य ती प्रत्येक वस्तू थेट १२ व्होल्टवर चालवावी आणि इन्व्हर्टर घ्यावाच लागला तर तो लहान घेऊन कामापुरता सुरू करावा.

वायरची जाडी आणि फ्यूजचे कर्तव्य

बारा व्होल्टचा एक स्वभाव मात्र जाणून घेतला पाहिजे. १२० वॅटचे काम २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरमध्ये होते. १२ व्होल्टवर त्यालाच १० अँपिअर लागतात. बॅटरीपासून पाच मीटर अंतरावरील उपकरणापर्यंत जाऊन परत येण्याचा मार्ग दहा मीटरचा होतो. तेथे घरगुती दिव्यांसाठी वापरतात ती १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होऊन उपकरणास जेमतेम १०.२ व्होल्ट मिळतात. दिवा मंद जळतो, पंखा रेंगाळतो आणि वायर तापते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही घट पाऊण व्होल्टवर येते, तर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३ व्होल्टवर. तात्पर्य, व्होल्ट कमी तेथे वायर जाड. वायरीत वाचविलेले पैसे पुढे रोज विजेच्या रूपाने भरावे लागतात.

फ्यूजबाबतही एक समजूत सुधारून घ्यावी. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो वायरच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी हे लहानसे यंत्र दिसत असले, तरी तिची दोन टोके चुकून जोडली गेल्यास क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. वायरचे आवरण पेट घेते आणि प्लायवूडच्या भिंतीला आग लागण्यास फार वेळ लागत नाही. यासाठी मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत असावा. तो जितका दूर, तितकी मधली वायर अनाथ. त्यानंतर दिवे, पंखा, पंप यांच्या प्रत्येक शाखेला वायरच्या जाडीप्रमाणे स्वतंत्र फ्यूज द्यावा. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज ठीक. फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे मोठा बसविणे, अथवा आपल्याकडील जुन्या सवयीप्रमाणे तांब्याची तार गुंडाळणे, म्हणजे राखणदाराला रजा देऊन तिजोरी उघडी ठेवणे होय.

मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून २३० व्होल्टची वीज घ्यायची असेल, तर ती यंत्रणा १२ व्होल्टच्या वायरींपासून पूर्ण वेगळी ठेवावी. तिला एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची वायर, या तिन्ही गोष्टी हव्यातच. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या लोखंडी घरात या तिहींपैकी एकही ऐच्छिक नाही.

मागून येणाऱ्यासाठी लावलेले दिवे

येथवर आपण घरातील दिव्यांचा विचार केला. ट्रेलरवर आणखी काही दिवे असतात, जे आपल्यासाठी नसतातच. टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेटवरील दिवा हे मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतात. पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या वाचकांना परिचित असलेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ बंगळुरूमार्गे थेट चेन्नईला पोचतो. त्यावर रात्रीच्या अंधारात दिवे नसलेला ट्रेलर उभा असणे किती घातक, हे रस्त्यावरील उसाच्या बिनदिव्यांच्या गाड्या पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगावे लागणार नाही.

या दिव्यांची वीज मोटारीकडून येते आणि घराच्या बॅटरीशी त्यांचा संबंध ठेवायचा नसतो. मोटार आणि ट्रेलर यांच्यामध्ये सात पिनांची जोडणी असते. तिच्यात डावा व उजवा इंडिकेटर, डावा व उजवा टेललाइट, ब्रेकलाइट, धुक्याचा दिवा आणि या सर्वांचा परतीचा मार्ग म्हणजे अर्थिंग, अशी वाटणी रूढ आहे. वायरींचे रंग प्रत्येक वाहनात सारखेच असतील असे गृहीत न धरता टेस्ट लॅम्पने एकेक पिन तपासून घ्यावी. ट्रेलरच्या दिव्यांचा भार मोटारीच्या मूळ स्विचवर न टाकता रिलेमार्फत द्यावा.

अनुभवी कारागीर सांगतात की ट्रेलरच्या दिव्यांचे बहुतेक दुखणे अर्थिंगमध्ये असते. ब्रेक दाबताच टेललाइट मंदावतो किंवा डावा इंडिकेटर दिला असता ब्रेकलाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो, ही त्याची ओळखीची लक्षणे. परतीचा मार्ग गंजला की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. जोडणीच्या कडीतून अर्थिंग आपोआप मिळेल असे न मानता त्यासाठी स्वतंत्र जाड वायर आणावी. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकत असेल, तर एलईडीचा भार कमी असल्याने फ्लॅशरची फसगत होते आहे, असे समजून एलईडीला साजेसा फ्लॅशर बसवावा.

चेन्नईचा समुद्रकिनारा आणि महाबलीपुरमकडे जाणारा पूर्व किनारी रस्ता कोकणाइतकाच खाऱ्या वाऱ्याचा आहे. हा वारा तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवी पूड चढवितो. शक्य तेथे कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यावी आणि टोके पेट्रोलियम जेलीने झाकावीत. डाग देऊन केलेला सांधा हादऱ्यांनी डागाच्या कडेलाच तुटतो. त्यापेक्षा योग्य मापाची थिंबल दाबून बसविलेला सांधा टिकाऊ ठरतो. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट हवाच. नाहीतर पत्र्याची धार हजार किलोमीटरच्या प्रवासात आवरण हळूहळू कापून काढते.

कायदा, विमा आणि कर्ज

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरचाही 'मोटार वाहना'त समावेश आहे. त्यामुळे घरी बांधलेला ट्रेलर आवश्यक मान्यता व नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. वाहनातील फेरफारांविषयी याच अधिनियमाचे कलम ५२ आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. म्हणून पहिला खिळा ठोकण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. वाहन कर्जाऊ असेल तर बँकेची संमती घ्यावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. न कळविलेल्या बदलामुळे नेमक्या संकटाच्या वेळी विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

अंधारात कामी येणारी ठेव

या साऱ्या खटाटोपाचे फळ केवळ सहलीपुरते नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईच्या अनेक भागांत वीज नव्हती. १२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' चक्रीवादळ शहरावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आणि झाडे कोसळून कित्येक वस्त्या काही दिवस अंधारात होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' वादळाच्या पावसाने पुन्हा तोच अनुभव दिला. अशा वेळी एखाद्या घरात चार दिवे, एक पंखा आणि मोबाइल भरण्यापुरती वीज असणे ही मोठीच सोय ठरते. आजारी वा वृद्ध माणूस घरात असेल, तर ती चैन राहत नाही. उंचवट्यावर उभा केलेला, नीट वायरिंग केलेला ट्रेलर असा आधार देऊ शकतो. अट एवढीच की ढगाळ दिवशी फ्रिज बंद करण्याची शिस्त घरात असावी आणि बॅटरीतील किमान शिल्लक मोडू नये.

वाचकहो, आपणांपैकी फार थोडे जण प्रत्यक्ष ट्रेलर बांधतील. परंतु वादळी पावसात वीज गेल्यावर ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्या सर्वांना हा हिशेब तितकाच उपयोगी आहे. एकदा कागद घेऊन बसावे आणि प्रत्येक उपकरणापुढे त्याचे वॅट व तास लिहावेत. खाली बेरीज करून ती बॅटरीच्या शिलकेशी ताडून पाहावी. पैशांच्या खात्यात चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. विजेच्या खात्यातील चूक मात्र कधी अंधार देते, तर कधी आग. म्हणूनच हा हिशेब आधी मांडावा आणि वायर नंतर ओढावी.